पंधरावी फेरी

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र दुकानाच्या कागदावर लिहितोय, कारण काम दुकानाचं आहे. वर छापलेला पत्ता दुकानाचाच आहे. उत्तर त्यावर पाठवलंस तरी चालेल, घरी पाठवायलाच हवं असं नाही.

काम असं आहे. पंचक्रोशीतल्या अकरा शाळांनी मिळून यंदा आपापल्या खेळाडूंचा आणि खेळाच्या शिक्षकांचा सत्कार करायचं ठरवलंय. रविवार, २२ फेब्रुवारी, आपल्या शाळेचं मैदान. गेल्या तीस वर्षांतले एकेचाळीस खेळाडू आणि सहा शिक्षक. प्रत्येकाला एक लाकडी ढाल, आणि ढालीवर पितळी पट्टी: नाव, खेळ, वर्ष, विक्रम. पट्ट्या कोरायचं काम आमच्या दुकानाला मिळालं, म्हणजे मला मिळालं. मालकांचा हात आता थरथरतो. ते म्हणतात, "पंडित, कागदावर चुकलं तर खोडता येतं, पितळेवर चुकलं तर पितळ फेकावं लागतं." मला पंडित म्हणतात, कारण मी प्रत्येक शब्द शब्दकोशात बघूनच कोरतो. नववीतून शाळा सोडलेल्याला पंडित म्हणण्यात त्यांना फार मजा वाटते.

यादीत तुझं नाव एकोणिसावं आहे. तीन हजार मीटर धावणे, नऊ मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. पंचक्रोशीत दहा मिनिटांच्या आत धावलेली एकमेव मुलगी, असं मुख्याध्यापिकाबाईंनी त्यापुढे हिरव्या शाईने लिहिलंय. तुला विचारायचं एवढंच, की पट्टीवर नाव कसं हवं? बाबांचं नाव मधे घालायचं की नाही? नको असेल तर तसं कळव, मी कोणाला कारण सांगणार नाही.

आपल्या खेळाच्या सरांचाही सत्कार आहे. त्यांची पट्टी सगळ्यांत मोठी आहे, सहा ओळींची. चौथ्या ओळीत तुझ्या विक्रमाचा उल्लेख आहे.

निमंत्रण तुला शाळेकडून येईलच. तुझा पत्ता मी आईच्या डब्यातल्या पाकिटावरून घेतला, तिला विचारून. तिने फक्त एवढंच म्हटलं, "नीट लिही, आकडे इंग्रजीत काढ, नाहीतर पत्र फिरत बसेल."

बाबांनी यादी पाहिली. मी मुद्दाम दाखवली नाही, डबा उघडताना पिशवीतून पडली. एकोणिसाव्या नावावर त्यांनी बोट ठेवलं, मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काट्यावर उद्या साखर कारखान्याच्या गाड्या आहेत, मला लवकर उठव." ते अजून वजनकाट्यावरच आहेत.

सात वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. दोनदा तपासलंय.

तुझा भाऊ


२० जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. घाई नाही. सव्वीस पट्ट्या झाल्या. तुझी झाली नाही, कारण बारीक अक्षरांची कोरणी तुटली आहे आणि नवी यायला वेळ लागेल.

आज दुकानात टिटवी आली होती. तिला तू ओळखत नाहीस. तू गेलीस तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशींची मुलगी. काड्यांसारखे लांब पाय, चालताना मान पुढे-मागे, म्हणून सगळे टिटवी म्हणतात. आता दहावीत आहे आणि तीन हजार मीटर धावते. सरांकडेच.

ती काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. "दादा, माझी पट्टी दाखवा ना."

मी दाखवली. नाव, वर्ष आणि खाली 'उत्तेजनार्थ'.

"हा शब्द फार लांब आहे हो," ती म्हणाली. "याच्यापेक्षा 'हरली' कोरायला सोपं गेलं असतं."

मालक हसले. मला हसू आलं नाही. तिची सरावातली सगळ्यांत चांगली वेळ दहा मिनिटं सदतीस सेकंद आहे. सरांच्या घड्याळावर, दोनदा. यादीचा नियम असा की विक्रम असेल तरच विक्रम कोरायचा, नाहीतर उत्तेजनार्थ. आणि विक्रम तुझा आहे, नऊ अठ्ठावन्नचा. दोघींमध्ये एकोणचाळीस सेकंद.

मग ती म्हणाली, "तुमची ताई शेवटच्या दोन फेऱ्या कशी धावायची? सर सांगतात तिचं बघून शिका, पण बघू कुठे? मी दोन वर्षं मरमर मरतेय, तीन सेकंद कमी झाले. एकोणचाळीस कुठून आणू? आई म्हणते मार्चनंतर बूट गुंडाळून ठेव आणि मशीनवर बस. तिचंही बरोबर आहे. जे जमणारच नाही त्याच्या मागे किती लागायचं?"

मी म्हणालो, "त्या दिवशी हवा छान होती."

हे मी का म्हणालो ते मला माहीत आहे. त्या दिवशी सगळेच तसं म्हणत होते. पहिल्या चारही मुली स्वतःच्या वेळेपेक्षा पाऊण मिनिट लवकर आल्या होत्या, आणि सगळे म्हणाले हवा छान होती.

टिटवी म्हणाली, "मग हवेची पट्टी कोरा," आणि निघून गेली.

तू येणार आहेस का, एवढं तरी कळव. एका ओळीत. कोऱ्या कार्डावर फक्त 'नाही' लिहिलंस तरी मला समजेल.

तुझा भाऊ


२५ जानेवारी, रविवार

ताई,

कोरणी तुटलेली नाही. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कोरणी माझ्यासमोर आहे, धार लावलेली.

आज सकाळी मी शाळेचं मैदान मोजलं. दुकानातली पन्नास मीटरची पोलादी टेप घेऊन गेलो. रविवार म्हणून कोणी नव्हतं, फक्त गवत कापणारा होता. त्याने विचारलं, "जमीन विकायला काढली काय?" मी म्हणालो, शाळेचं काम आहे. धावपट्टीच्या आतल्या कडेने, चुन्याच्या रेषेपासून एक वीत सोडून, दगड ठेवत ठेवत मी तीनदा मोजलं. मला ती फेरी दोनशे चौदा मीटर आणि एकोणतीस सेंटिमीटर भरायला हवी होती. तसं झालं असतं, तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

दोनशे मीटर चाळीस सेंटिमीटर भरली. तीनही वेळा. सरांनी मैदान इतकं नीट आखलंय की मला त्यांचा राग आला.

आता सांगतो. बसून वाच.

तुला आठवतं, धावताना तू फेऱ्या मोजायचीस तेव्हा तुझा श्वास बिघडायचा. ओठ हलायचे. म्हणून सरांनी ती पद्धत काढली: लांब धावणाऱ्या प्रत्येक मुलीचा एक मोजणारा. शर्यतीआधी ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणणार, "आकडा तुझ्याकडे," आणि मग डोक्यात एकही आकडा न ठेवता धावणार. पाटीवर उरलेल्या फेऱ्या दिसतील, एक दिसली की घंटा. तू मला निवडलंस. नववीतला नापासाच्या काठावरचा भाऊ. सर म्हणाले होते, "याला?" तू म्हणालीस, "हा रात्री कडी तीनदा तपासतो. याच्याइतकं नीट कोण मोजणार?"

दोनशेची फेरी, म्हणून तीन हजारांना पंधरा. पाट्या जुन्या झाल्या होत्या, सातचा आकडा एकसारखा वाटायचा. नऊ अठ्ठावन्नच्या त्या शर्यतीला यजमान आपली शाळा, अकरा शाळांची मुलं येणार, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मी पंधराही पाट्या नव्याने रंगवल्या. तेलरंगाने, कडा आखून, सावली देऊन. आजपर्यंत कोरलेल्या कुठल्याही पट्टीपेक्षा ते आकडे मला जास्त आवडले होते. सकाळी ते वाळलेत असं मला वाटलं. वरून वाळले होते.

नवाची पाटी उलटताना बोटांना जाड लागली. मी पाटीकडे पाहिलं नाही, तुझ्याकडे पाहत होतो. तू वळणावर होतीस आणि दुसरीला दहा पावलं मागे टाकलं होतंस. पुढच्या वेळी तू समोरून गेलीस तेव्हा पाटीवर सात होता. मला वाटलं, आठ होऊन गेला. पंच घड्याळांकडे बघत होते आणि त्या दिवशी सगळ्यांचीच मोजणी यजमानांची, म्हणजे माझी. एक दिसला, मी घंटा वाजवली, आणि तू पळत सुटलीस.

सगळं संपल्यावर पाट्या गोळा केल्या तेव्हा नऊ आणि आठ एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी त्या सोडवल्या. नवाच्या पाठीवर आठचा उलटा ठसा उमटला होता. तेव्हा तुला सरांनी खांद्यावर घेतलं होतं.

तू चौदा फेऱ्या धावलीस, ताई. सगळ्याजणी चौदाच धावल्या. हवा नेहमीसारखीच होती.

त्या दोन पाट्या माझ्याकडे आहेत. कपाटात, शब्दकोशाखाली.

भाऊ


१ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि मग पेटीच्या तोंडात हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच जातो. पोस्टातला माणूस म्हणाला, "काय रे, पत्र टाकलंस की चोरतोयस?"

अजून एक राहिलंय. ते आधीच्या पत्रात लिहायचं होतं, पण कागद संपला असं मी स्वतःला सांगितलं. कागद संपला नव्हता.

जिल्ह्याच्या स्पर्धेत तू नववी आलीस. मी बाबांबरोबर कठड्यापाशी होतो. संपल्यावर तू गवतावर आडवी पडलीस आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अंगचोर! घरी नऊ अठ्ठावन्न आणि इथे दहा एकोणचाळीस?" उठून बसायला तुला दोनदा जमिनीवर हात टेकावे लागले, ते मी पाहिलं.

परतताना बसमध्ये बाबा मला म्हणाले, "काय झालं रे तिला? पाऊण मिनिट म्हणजे काय चेष्टा आहे?" ते वजनकाट्यावरचे, त्यांना फरक दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी बोटांवर हिशेब करायला सुरुवात केली. दोनशेच्या फेरीला किती, चारशेच्या फेरीला किती. मला वाटलं, आता घरी पोचेपर्यंत हे बरोबर एका फेरीवर येऊन थांबणार.

म्हणून मी म्हणालो, "ती मुद्दाम हळू धावली. मला सांगितलं होतं तिने. क्रीडा वसतिगृहात जायचा कंटाळा आलाय म्हणाली."

तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. उलट त्या वसतिगृहाच्या अर्जावर तू आधीच पेन्सिलने सगळं भरून ठेवलं होतंस, फक्त बाबांची सही बाकी होती.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी सही केली नाही. "मुद्दाम हरणाऱ्या मुलीमागे मी गावोगाव फिरणार नाही," म्हणाले आणि तुझे खिळ्यांचे बूट काट्यावरच्या केबिनच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. तू ओरडत होतीस, "मुद्दाम? कोण म्हणालं मुद्दाम?" बाबांनी माझं नाव घेतलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर दया केली. नंतर वाटायला लागलं, तू माझ्याकडे एकदा ज्या नजरेने पाहिलंस त्यावरून तुला कळलं होतं. अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात तू गेलीस. आईला पत्रं येतात, मला नाही.

त्याच वर्षी मी शाळा सोडली. सगळ्यांना सांगितलं की अभ्यास झेपत नाही. खरं म्हणजे वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसायचं.

काल मी आकडेमोड केली. चौदा फेऱ्यांना नऊ अठ्ठावन्न, म्हणजे एका फेरीला बेचाळीस सेकंद आणि थोडं वर. पंधरा फेऱ्यांना होतात दहा मिनिटं एक्केचाळीस सेकंद. जिल्ह्याला तू दहा एकोणचाळीस धावलीस.

म्हणजे त्या दिवशी तू आयुष्यातली सगळ्यांत चांगली शर्यत धावली होतीस. आणि आम्ही तुला हरलेली, अंगचोर म्हणून घरी आणलं.

आता माझी अडचण सांगतो, म्हणजे मी कसा माणूस आहे तेही तुला कळेल. मी हे बोललो तर तुझ्या नावापुढची हिरवी ओळ जाईल, आणि तुला इथे यायला असलेलं एकमेव कारण जाईल. नाही बोललो तर टिटवी मार्चमध्ये बूट गुंडाळणार, एका अशा वेळेपायी जी कोणीच धावलेलं नाही. आठवडाभर मी हेच तोलतोय. मालक विचारतात, "पंडित, एकोणिसावी पट्टी कुठे आहे?" मी म्हणतो, उद्या.

तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही. शनिवारपर्यंत वाट बघतो.

भाऊ


८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

काल शनिवार होता. तुझं काही आलं नाही. मी दुपारच्या टपालापर्यंत थांबलो, मग दोन पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून सरांकडे गेलो.

सर आता निवृत्तीला आलेत. गुडघ्याला पट्टा बांधतात. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि टिटवी फेऱ्या मारत होती. मी म्हणालो, "सर, जरा बोलायचं होतं." ते म्हणाले, "तिच्या चार फेऱ्या राहिल्यात, थांब." मी थांबलो. चार फेऱ्या मी पण मोजल्या.

मग सांगितलं. बोलताना जीभ अडखळेल म्हणून कागदावर लिहून नेलं होतं, तेच वाचलं. सरांनी पाट्या हातात घेतल्या. नवाच्या पाठीवरचा ठसा अंगठ्याने घासून पाहिला. मग म्हणाले,

"मैदान मोजलंस?"

"हो."

"किती भरलं?"

"दोनशे मीटर चाळीस सेंटिमीटर."

"चाळीस कुठून आले?" ते एकदम चिडले. "मी दोनशे आखलंय. टेप तपासून घे तुझी!"

मी म्हणालो, घेतो. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तिला अंगचोर म्हणालो होतो. जिल्ह्यातले सगळे शिक्षक उभे होते तिथे." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला मोजणारा म्हणून नको म्हणत होतो मी. पण पाट्या कोरड्या आहेत का बघायचं काम माझं होतं. माझ्या पट्टीवरची चौथी ओळ काढ."

"सर, मग पाचच ओळी उरतात. मधे जागा..."

"अक्षरं मोठी कर!"

टिटवी घाम पुसत आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे दहा एकोणचाळीस?" मी मान हलवली. ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "दादा, दोन वर्षं मला रात्री स्वप्नात तुमच्या ताईची पाठ दिसते. तुम्ही लवकर नाही का सांगायचं?" मी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात घातला.

मुख्याध्यापिकाबाईंना सर स्वतः घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "अहो, पत्रिका छापून झाल्या! सात वर्षांत तुला एक दिवस मोकळा मिळाला नाही?" पण मग त्यांनी हिरवं पेन काढलं आणि नऊ अठ्ठावन्नवर रेघ मारली. खाली लिहिलं, दहा एकोणचाळीस, जिल्हा स्पर्धा. चारशेच्या मैदानावर, सरकारी पंचांनी घेतलेली वेळ. त्यामुळे विक्रम आजही तुझाच आहे, ताई. खरा.

टिटवीच्या सरावातल्या वेळेला विक्रम म्हणता येत नाही. म्हणून असं ठरलंय की सत्काराच्या दिवशी सकाळी आठ वाजता ती धावेल. तीन घड्याळं, दुसऱ्या शाळांचे पंच. दहा एकोणचाळीसच्या आत आली तर विक्रम तिचा, नाहीतर उत्तेजनार्थ. तिच्या आईने सांगितलंय, आत आली तर मशीनवर बसवणार नाही, पुढे शिकू दे. मावशी बोलल्या म्हणजे बोलल्या.

आणि सर म्हणाले, "पाट्या हा उलटणार." म्हणजे मी. मी म्हणालो, सर, कृपा करा, दुसऱ्या कोणालाही सांगा. ते म्हणाले, "ज्याने घोळ केला तोच उभा राहील. पाट्या नव्या कर." काल रात्री कडी मी सात वेळा तपासली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते काट्यावरून नुकतेच आले होते, हातपाय धुऊन बसले होते. दोन्ही गोष्टी सांगितल्या, पाट्यांची आणि बसमधल्या खोट्याची. आई भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं बाबा हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "म्हणजे ती खरंच दमली होती."

एवढंच. मग थोड्या वेळाने चपला घालून बाहेर गेले. तासाभराने परत आले तेव्हा त्यांच्या हातात तुझे बूट होते. खिळे गंजलेत. ते आज दिवसभर अंगणात बसून खिळे काढायचा प्रयत्न करतायत. एक निघालाय. आई म्हणाली, "अहो, आता तिला कशाला लागणार आहेत ते?" बाबा म्हणाले, "गंज तर काढू दे."

यायचं कारण आता काही उरलं नाही, हे मला कळतं. उलट आलीस तर तुझा विक्रम कोणीतरी मोडताना बघावा लागेल. तरी लिहितोय. सकाळी आठ.

भाऊ


१८ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. पोस्टातल्या माणसाने काउंटरवर टाकलं आणि म्हणाला, "घे, आता पेटीत हात घालायला नको." सगळं वाचूनच आणलं असणार, कारण हसत होता. मी ते मालकांना वाचू दिलं नाही. आईला दिलं. बाबांना आईने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग त्यांनी ते पुन्हा स्वतः वाचलं.

मी नीट वाचलंय ना हे तुला तपासता यावं म्हणून इथे उतरवून पाठवतो:

"चिंत्या, पाचही पत्रं मिळाली. एवढ्यांना उत्तर द्यायला मला वेळ नाही, आणि काही गोष्टींना उत्तर अजून सुचलेलं नाही. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. स्टँडवर कोणी येऊ नका, मी चालत येईन. पाट्या तू उलट, पण शेजारी उभी राहून मोजणार मी. तुझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही. त्या मुलीला सांग, आकडा माझ्याकडे. माझी पट्टी आत्ता कोरू नकोस, आधी तिला धावू दे. बाबांना म्हणावं, बुटांना रॉकेल लावा, नुसतं घासून काय होणार."

चिंत्या म्हणून मला सात वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. बाबा रॉकेल आणायला गेले ते अर्ध्या रस्त्यातून बाटली विसरली म्हणून परत आले.

टिटवीला निरोप दिला. ती म्हणाली, "आकडा त्यांच्याकडे? पण मी त्यांचाच मोडणार आहे ना?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "मग चुकवल्या त्यांनी तर?" मी म्हणालो, "ती चुकवणार नाही." हे वाक्य बोलताना मला कसलीच शंका नव्हती. मला असं फार क्वचित होतं.

पंचेचाळीस पट्ट्या तयार आहेत. सरांची पाच ओळींची झाली, अक्षरं मोठी केली, चांगली दिसते. त्यांनी टेप मागवून मैदान स्वतः मोजलं आणि आता चाळीस सेंटिमीटरबद्दल काही बोलत नाहीत. टिटवीची 'उत्तेजनार्थ' कोरलेली जुनी पट्टी मी बाजूला ठेवलीय, तिच्या जागी एक कोरी घासून ठेवलीय. तुझीही कोरीच आहे. दोन कोऱ्या पट्ट्या आणि धार लावलेली कोरणी डब्यात घालून रविवारी सकाळी मैदानावर आणणार आहे. जे होईल ते तिथेच बसून कोरीन. नाव कसं हवं, ते तेव्हा सांग.

नव्या पाट्या केल्यात. पंधरा. कडा आखल्या नाहीत, सावली दिली नाही, साधे काळे आकडे. प्रत्येक पाटीच्या मधे कागद ठेवलाय. रंग लावून आज नऊ दिवस झाले. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एकेका आकड्यावर बोट टेकवून बघतो. आजही बघितलं.

कोरडा आहे.

चिंत्या